जोडे शिवणारा पंडित : डॉ. विल्यम कॅरी

विद्येची परीक्षा शाळेंत होते आणि ती तेथें व्हावी हें योग्यच आहे. परंतु मनुष्य जें जें शिकतो तें सारें शाळेच्या चार भिंतींआंतच शिकतो असें मात्र नाहीं. बापाच्या दुकानांत, आईच्या चुलीपाशीं, शेताच्या बांधावर, किंवा एखाद्या जुन्या पुस्तकाच्या संगतींत मुलें पुष्कळ गोष्टी शिकतात. त्यांचा दाखला त्यांस कोणी देत नाहीं, आणि दाखला नाहीं म्हणून ती विद्याच नव्हे असें लोक समजतात. अशा दाखल्यावांचून मिळविलेल्या विद्येची किंमत ओळखणारा कोणी भेटला तर तिचें केवढें चीज होतें, हें ज्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें असे एक गृहस्थ डॉ. विल्यम कॅरी हे होत. आपल्या मराठी भाषेच्या व्याकरणाशीं व कोशाशीं त्यांचें नांव निगडित असल्यामुळें त्यांची ओळख आमच्या वाचकांस करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विल्यमचा जन्म इंग्लंडांतील नॉर्दम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी नांवाच्या एका खेड्यांत १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. त्याचे वडील एडमंड हे मागावर कापड विणून पोट भरीत. विल्यम सहा वर्षांचा असतां वडिलांस गांवच्या शाळेंत पंतोजीचें काम मिळालें, आणि त्या शाळेंत लिहिणें, वाचणें व हिशेब करणें इतकें शिक्षण मुलास लाभलें. याहून अधिक शिक्षण देण्याची त्या घराची ऐपत नव्हती. परंतु शाळेबाहेर त्याचा एक निराळाच अभ्यास चालू होता. पीटर नांवाचे त्याचे चुलते कॅनडांत कांहीं वर्षें राहून परत आले होते व माळ्याचें काम करीत असत. त्यांच्यापासून विल्यमला झाडाझुडपांचा नाद लागला. रानांतून फिरून त्यानें गोळा केलेल्या वनस्पती, किडे व पांखरें यांनीं त्याची लहानशी खोली भरून गेली होती. या अभ्यासाबद्दल त्यास कोणीं गुण दिले नाहींत. पण याच नादाचें पुढें काय झालें तें आम्ही यथाक्रम सांगूं.

उन्हांत काम केलें असतां त्याच्या त्वचेस त्रास होई. त्यामुळें शेतकामाचा विचार सोडून चवदाव्या वर्षीं त्यास पिडिंग्टन गांवीं क्लार्क निकल्स नांवाच्या जोडे शिवणाराकडे उमेदवार ठेवण्यांत आलें. या धन्याच्या दुकानांत कांहीं पुस्तकें होतीं. त्यांपैकीं बायबलावरील एका टीकाग्रंथांत मधून मधून अनोळखी लिपींतील शब्द छापलेले विल्यमच्या दृष्टीस पडले. दुसऱ्या एखाद्या मुलानें पान उलटून पुढें चाल केली असती. विल्यमनें ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरून घेतले आणि आपल्या गांवीं राहणाऱ्या टॉमस जोन्स नांवाच्या विणकराकडे नेले. हा विणकर पूर्वीं चांगलें शिक्षण घेतलेला होता. त्यानें तीं अक्षरें ग्रीक भाषेचीं आहेत असें सांगितलें व विल्यमला ती भाषा शिकण्यास साह्य केलें. पुढें निकल्स मरण पावल्यावर विल्यम दुसऱ्या धन्याकडे राहिला. पण अभ्यास सुटला नाहीं. आरी आणि दोरा हातांत चालत असे आणि पुस्तक समोर उघडें असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच व डच इतक्या भाषांचें ज्ञान त्यानें याच रीतीनें मिळविलें.

सन १७८१ मध्यें त्यानें डॉरथी प्लॅकेट नांवाच्या मुलीशीं विवाह केला. ही बाई निरक्षर असल्यानें तिनें विवाहाच्या नोंदवहींत सहीऐवजीं खूण केली होती. १७८५ सालीं हें कुटुंब मोल्टन येथें राहण्यास गेलें. तेथें कॅरी यांनीं धर्मोपदेशकाचें काम पत्करून एक लहानशी शाळाही काढली. पण मुलांवर त्यांचा वचक बसेना, आणि प्रपंच भागविण्यासाठीं पुन्हा जोडेच शिवावे लागले. याच काळीं त्यांनीं कागद जोडून जगाचा एक मोठा नकाशा तयार केला, भिंतीवर लाविला, आणि त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या व तेथील लोकांची स्थिति लिहून ठेविली. त्यांचे चरित्रकार सांगतात कीं, ज्या गॉच नांवाच्या व्यापाऱ्यासाठीं ते जोडे शिवीत, त्यास या कारागिराच्या भाषाज्ञानाची हकीकत समजली, आणि जोडे शिवण्याचें काम थांबवून केवळ अभ्यास करण्यासाठीं त्यानें त्यांस दर आठवड्यास दहा शिलिंग देऊं केले. आपल्या कारागिराच्या हातापेक्षां त्याचें डोकें अधिक मोलाचें आहे हें ओळखणारा धनी विरळाच!

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठीं परदेशीं जावें असें कॅरी यांच्या मनानें घेतलें होतें. त्याप्रमाणें १७९३ च्या नोव्हेंबरांत ते सहकुटुंब कलकत्त्यास येऊन पोंचले. पुढील कांहीं वर्षें त्यांनीं उत्तर बंगालांतील मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली. कारखान्यांतील मजूर, आसपासचे शेतकरी व मुनशी रामराम बसु हेच तेथें त्यांचे शिक्षक झाले. बंगाली भाषा त्यांनीं रामराम बसूंपासून व बाजारांतील लोकांच्या तोंडून उचलली, आणि तिचें मूळ समजावें म्हणून संस्कृताचा अभ्यास आरंभिला. परंतु या दिवसांची दुसरी बाजूही लपवून ठेवणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. येथेंच १७९४ सालीं त्यांचा पीटर नांवाचा लहान मुलगा वारला, आणि त्या दुःखानें डॉरथीबाईंच्या मनाचा तोल गेला तो अखेरपर्यंत सांवरला नाहीं. त्या १८०७ सालीं निवर्तल्या. घराच्या एका खोलींत व्याकरणें व भाषांतरें होत असतां शेजारच्या खोलींत ही दुःखी बाई आक्रोश करीत असे. मोठ्या माणसाच्या कर्तृत्वाची किंमत कधीं कधीं त्याच्या घरच्या मुक्या माणसांस द्यावी लागते, हें वाचकांनीं विसरूं नये.

सन १८०० च्या आरंभीं कॅरी हे कलकत्त्याजवळील श्रीरामपुरास राहण्यास आले. हें गांव त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. तेथें जोशुआ मार्शमन हे शिक्षक व विल्यम वॉर्ड हे मुद्रक असे दोन सहकारी त्यांस लाभले आणि छापखाना सुरू झाला. त्याच वर्षीं गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनीं कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केलें. बंगाली व संस्कृत शिकविण्यास योग्य युरोपियन कोण, असा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हां निवड झाली ती कधींही कोणत्याही कॉलेजाची पायरी न चढलेल्या या मनुष्याची! १८०१ सालीं दरमहा पांचशें रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली.

मात्र या मान्यतेंतही एक उणीव राहिली. कॉलेजाच्या नियमाप्रमाणें प्रोफेसर हा इंग्लंडच्या सरकारी चर्चचा सभासद असावा लागे, आणि कॅरी हे बॅप्टिस्ट पंथाचे होते. म्हणून काम तेंच असूनही त्यांस केवळ शिक्षक म्हणून नेमण्यांत आलें. हातीं प्रमाणपत्र नाहीं हा अडथळा ज्यांनीं ओलांडला त्यांस पंथाचा अडथळा आडवा आला. कॅरी यांनीं तक्रार करण्यांत वेळ दवडला नाहीं. १८०४ सालीं कॉलेजाच्या जाहीर समारंभांत त्यांनीं गव्हर्नर जनरलसमोर संस्कृत भाषेंत भाषण केलें. १८०७ सालीं त्यांस प्रोफेसरची पदवी व एक हजार रुपये वेतन मिळालें, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी हा बहुमान दिला. या वेतनांतील बहुतेक पैसा ते श्रीरामपूरच्या सामाईक निधींतच घालीत.

आतां मराठीकडे वळूं. कॉलेजांत मराठीचें अध्यापनही त्यांच्याकडे आलें, आणि १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण श्रीरामपुरास छापून प्रसिद्ध केलें. १८१० सालीं त्यांचा मराठी कोश निघाला. तो मोडी लिपीच्या ठशांनीं छापलेला आहे. हीं पुस्तकें निर्दोष आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. महाराष्ट्रापासून इतक्या दूर बसून केलेल्या कामांत उणिवा राहणारच, आणि १८३१ सालीं निघालेल्या मोल्सवर्थसाहेबांच्या कोशानें त्यांस मागें टाकिलें. तथापि मराठी गद्य छापून निघण्याची प्रथा महाराष्ट्रांत रुळण्यापूर्वीं बंगाल्यांतील एका गांवीं मोडी ठसे पाडले जात होते, ही गोष्ट आपण कृतज्ञतापूर्वक स्मरली पाहिजे.

येथें एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. हें काम कॅरी यांनीं एकट्यानें केलें नाहीं, आणि ज्यांच्या साह्यानें केलें त्यांपैकीं एकापाशींही युरोपीय पद्धतीचें प्रमाणपत्र नव्हतें. मराठीसाठीं त्यांनीं कॉलेजांतील वैजनाथ पंडितांचें ज्ञान प्रमाण मानलें; सिंहासनबत्तिशी व हितोपदेश यांचीं मराठी रूपें श्रीरामपुरास छापलीं गेलीं तीं याच पंडितांचीं. बंगाली व संस्कृतासाठीं मृत्युंजय विद्यालंकार यांच्यासारखे विद्वान होते. आणि ठसे कोरण्यासाठीं पंचानन कर्मकार हे होते. धातूवर कोरीव काम करणें हा पंचाननांच्या घराण्याचा धंदा. ठशांची कला त्यांनीं चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखालीं काम करितां करितां उचलली, आणि श्रीरामपुरास आल्यावर आपला जांवई मनोहर यास ती शिकविली. ज्याची स्वतःची विद्या दुकानांत वाढली होती त्यानें दुसऱ्याच्या दुकानांतील विद्या बरोबर ओळखली, आणि तिजवर एक सबंध छापखाना उभा केला. ११ मार्च १८१२ रोजीं या छापखान्यास आग लागून कागद, हस्तलिखितें व कित्येक मण ठसे नष्ट झाले. सुदैवानें ठसे पाडण्याचे मूळ सांचे वांचले होते. वितळलेल्या धातूंतून त्याच कारागिरांनीं नवे ठसे पाडले, आणि थोड्याच महिन्यांत काम पूर्ववत् चालू झालें. विद्या माणसांच्या हातांत होती, म्हणून आगीनें ती जळली नाहीं.

बालपणींचा झाडांचा नादही व्यर्थ गेला नाहीं. श्रीरामपुरास त्यांनीं मोठी बाग केली, १८२० सालीं हिंदुस्थानांतील शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं एक मंडळ स्थापिलें, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांचा हिंदी वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या पश्चात् छापून काढला. १८२३ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व दिलें. रॉक्सबर्ग यांनीं एका वृक्षजातीस कॅरी यांचें नांव दिलें असून, सह्याद्रीच्या रानांत ज्यास कुंभा म्हणतात तो वृक्ष याच जातीचा आहे. चुलत्याच्या मागून रानांत फिरणाऱ्या मुलाचें नांव असें आमच्या डोंगरांपर्यंत येऊन पोंचलें.

यावरून शाळा व पदव्या निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढूं नये. स्वतः कॅरी यांनीं तो काढला नाहीं. १८१८ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह श्रीरामपूर कॉलेज स्थापिलें, आणि १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजाची सनद मिळून त्या कॉलेजास पदव्या देण्याचा अधिकार प्राप्त झाला. ज्यास स्वतःस कोणत्याही कॉलेजांत शिकावयास मिळालें नाहीं त्यानें इतरांसाठीं तो दरवाजा उघडला. त्यांच्या मतें स्वतःच्या ठिकाणीं गुण एकच होता, तो म्हणजे हातीं घेतलेलें काम न कंटाळता रेटीत नेणें. असें त्यांनीं आपल्या पुतण्यास सांगितलें होतें. एका मेजवानींत कोणा अधिकाऱ्यानें त्यांस हिणविण्यासाठीं ते पूर्वीं जोडे तयार करणारे होते ना असें विचारलें असतां, आपण नवे जोडे करणारे नव्हतों, केवळ जुने दुरुस्त करणारे होतों, असें त्यांनीं शांतपणें उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास त्यांचा अंत झाला.

आजच्या काळीं शाळेबाहेर मिळविलेल्या कौशल्याची पारख करून त्याचा दाखला देण्याची सोय सरकारनेंही केली आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेंत, काम करितां करितां शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याचें कलम होतें. ही सोय स्तुत्य खरी. परंतु पारख करणारा डोळा सरकारी कागदाच्या आधीं लागतो. टॉमस जोन्स विणकरानें ग्रीक अक्षरें घेऊन आलेल्या मुलास हांकलून दिलें असतें तर वरील चरित्रांतील एकही गोष्ट कदाचित् घडली नसती. आपल्याच वर्गांत कोणी सुताराचा मुलगा लांकडाची जात हातानें ओळखतो, कोणी मुलगी आजीपासून औषधी पाला ओळखावयास शिकली आहे, कोणी बाजारांत बसून तीन भाषा बोलतो. अशांचे गुण प्रगतिपुस्तकांत मांडण्यास रकाना नसेल. पण आपल्या मनांत तरी तो असावा, एवढीच आमची विद्यार्थ्यांस व गुरुजनांस नम्र विनंति आहे.