माणिकपूरच्या गच्चीवर किती ऊन पडतं, हे मोजायची सोय करून ठेवणाऱ्या अ‍ॅना मणी

पाऊस गेला, दिवाळी झाली की वसईत घराची कामं काढायचा सिझन सुरू होतो. माणिकपूरमध्ये तर नाताळ तोंडावर आलेला असतो. पाहुणे येणार, रंगरंगोटी होणार, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुठे गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहते, कुठे मागच्या अंगणातलं जुनं छप्पर उतरवून नवीन टाकलं जातं. दिवसभर वेल्डिंगचा आवाज चालू असतो.

गेल्या काही वर्षांत या कामात एक नवीन प्रश्न आलाय. नुसते पत्रे टाकायचे की त्यावर सोलर पण बसवायचं? २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती सोलरला जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांची सबसिडी मिळते म्हटल्यावर हा प्रश्न घराघरात पोहोचला.

पण जुने पत्रे उतरवायच्या आधी सगळे एक काम न चुकता करतात. मोबाईलवर हवामान बघतात.

थंडीत कशाला बघायचं, असं वाटत असेल तर ५ डिसेंबर २०१७ आठवा. ओखी चक्रीवादळामुळे ऐन डिसेंबरमध्ये मुंबई, ठाणे, पालघरमध्ये पाऊस कोसळला होता आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. त्या दिवशी ज्याचं छप्पर उघडं होतं, त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता मोबाईल सांगतो की उद्या पाऊस नाही. सोलरवाला सांगतो की वर्षाला इतके युनिट वीज मिळेल. आपण दोघांवर विश्वास ठेवतो आणि पैसे घालतो. पण हे आकडे खरे आहेत, हे ठरवतं कोण?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये पोहोचतो. तिथे भेटतात खादीची साडी नेसणाऱ्या अ‍ॅना मणी.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळमधल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनिअर, घरचे वेलदोड्याचे मळे. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या. घरात पैसा होता, पण मुलांनी शिकून मोठ्या पदावर जायचं आणि मुलींनी लग्न करायचं, असा रिवाज होता.

या घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. अ‍ॅनाने त्या घ्यायला नकार दिला आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले.

त्याच काळात केरळमध्ये वायकोमचा सत्याग्रह झाला होता. मंदिराच्या आजूबाजूचे रस्ते सगळ्या जातींसाठी खुले करा, ही त्याची मागणी होती. १९२५ मध्ये गांधीजी वायकोमला येऊन गेले. या सगळ्याचा अ‍ॅना यांच्यावर एवढा परिणाम झाला की त्यांनी खादी धरली आणि ती कायम ठेवली. परदेशातून आलेली वस्तू आपल्याकडे का बनू शकत नाही, हा विचार पुढे त्यांच्या कामातही उतरला.

१९३९ मध्ये मद्रासमधून बीएस्सी झाल्यावर १९४० मध्ये त्यांना स्कॉलरशिप मिळाली आणि त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. काम मिळालं थेट नोबेल विजेत्या सी. व्ही. रामन यांच्या लॅबमध्ये. विषय होता हिरे आणि माणकांमधून प्रकाश गेल्यावर काय होतं, याचा अभ्यास. ज्या मुलीने हिऱ्याच्या कुड्या नाकारल्या होत्या, तिच्या हातात आता प्रयोगासाठी हिरेच होते.

हे काम सोपं नव्हतं. एकेक फोटोग्राफिक प्लेट पंधरा-पंधरा, वीस-वीस तास ठेवावी लागायची. कित्येक रात्री त्या लॅबमध्येच झोपायच्या. यातून त्यांचे पाच शोधनिबंध छापून आले. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठात पीएचडीचा प्रबंध दिला.

पण पीएचडी मिळाली नाही.

कारण काय, तर त्यांच्याकडे एमएस्सीची डिग्री नव्हती. प्रबंध तयार, निबंध छापलेले, गाईड रामन, पण एक कागद कमी म्हणून पदवी नाकारली. अ‍ॅना मणी आयुष्यभर पीएचडीशिवाय राहिल्या. आपलं त्यामुळे काही अडलं नाही, असंच त्या पुढे सांगत राहिल्या.

त्याच वर्षी सरकारी स्कॉलरशिपवर त्या लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये गेल्या. शिकायचं होतं फिजिक्स, पण जागा मिळाली हवामानाची यंत्रं कशी बनवतात याच्या प्रशिक्षणाला. परत जाण्यापेक्षा त्यांनी तेच शिकायचं ठरवलं. त्यांचं आयुष्य इथेच वळलं.

१९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परत आल्या आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. पुणे हे खात्याचं जुनं ठिकाण. १९२८ मध्ये मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही शिमला ऑफिस म्हणतात.

देश स्वतंत्र झाला होता, पण पाऊस मोजायचं पर्जन्यमापक आणि साधा थर्मामीटर सुद्धा ब्रिटनमधून मागवावा लागायचा. उपकरण विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांना ही यंत्रं इथेच बनवायची होती. अ‍ॅना मणींनी हे काम हातात घेतलं. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ जण होते आणि सगळे पुरुष.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर जवळपास १०० उपकरणांची ड्रॉइंग पक्की केली. म्हणजे कोणता भाग किती मापाचा, कशाचा, कसा बसवायचा, हे सगळं ठरवून दिलं आणि मग उत्पादन सुरू केलं.

यात एवढं विशेष काय?

बाजारातला वजनकाटा आठवा. प्रत्येक दुकानातला काटा वेगळं वजन दाखवायला लागला तर भाव ठरवायचा कसा? हवामानाचंही तसंच आहे. डहाणूचा थर्मामीटर एक डिग्री जास्त आणि कुलाब्याचा एक डिग्री कमी दाखवत असेल, तर दोन ठिकाणांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक यंत्र प्रमाणित यंत्राशी ताडून बघावं लागतं. अ‍ॅना मणी या बाबतीत प्रचंड कडक होत्या. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, ही त्यांची भूमिका होती.

मग त्या वळल्या उन्हाकडे.

१९५७-५८ हे जगभरात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्या निमित्ताने त्यांनी देशात सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. सुरुवातीला परदेशी यंत्रं वापरली, नंतर इथेच बनवली. यातलं महत्त्वाचं यंत्र म्हणजे पायरानोमीटर. काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग असतो. ऊन पडलं की तो तापतो, त्या उष्णतेतून अगदी थोडी वीज तयार होते आणि ती मोजली की ऊन किती आलं ते कळतं.

पुढे त्यांनी फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं भारतीय यंत्र बनवून घेतलं. थुंबाला रॉकेट उडवायला सुरुवात झाली, तेव्हा तिथली हवामान वेधशाळा आणि यंत्रांचा मनोराही त्यांनीच उभा केला. १९७६ मध्ये त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सौर किरणांच्या नोंदींवर त्यांची दोन पुस्तकं आली. कुठे, कोणत्या महिन्यात किती ऊन मिळतं, हे त्यात आकड्यांत होतं. घरावर सोलर लावायचा विचार सुद्धा कोणी करत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर पवनऊर्जेसाठी देशभरातला वारा मोजायच्या कामातही त्या होत्या.

१९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. २३ ऑगस्ट २०२२ ला गुगलने डूडल केलं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आज साधनं पार बदलली आहेत. पुण्याच्याच आयआयटीएममध्ये अर्क हा सुपरकॉम्प्युटर आहे. तिथेच तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज देते. ऊन किती पडतं, हे सॅटेलाईटवरूनही काढता येतं. पण सुपरकॉम्प्युटरला सुरुवात करायला आजचं खरं तापमान, खरा वारा, खरा दाब लागतो. सॅटेलाईटचा आकडा बरोबर आहे का, हे सुद्धा जमिनीवरच्या यंत्राशी ताडूनच बघावं लागतं.

आता परत माणिकपूरच्या गच्चीवर येऊ.

इथे मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाखाली. डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारी सुद्धा ४७ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे घराच्या दक्षिणेला दहा मीटर उंच इमारत असेल, तर तिची सावली दुपारी बारा-साडेबाराला सुद्धा नऊ मीटरच्या पुढे जाते. मे महिन्यात मोकळी दिसणारी गच्ची डिसेंबरमध्ये अर्धी सावलीत असू शकते.

वाऱ्याचा हिशोब यापेक्षा कडक आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पत्र्यावरचा जोर चौपट होतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेलं होतं. मुंबईत इमारतींच्या डिझाईनसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर वेग धरतात. हा आकडा हवामान खात्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून ठरलाय.

त्यामुळे छपराचं काम काढायला आणि सोलरची जागा ठरवायला डिसेंबर हाच चांगला महिना. वेल्डर यायच्या आधी एक दिवस गच्चीवर जा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला सावली कुठे पडते, तिथे खडूने खूण करा. सोलरवाल्याच्या कागदावरचा आकडा त्या खुणांशी ताडून बघा.

अ‍ॅना मणींनी आयुष्यभर हेच केलं. आकडा मान्य करायच्या आधी तो ताडून बघितला.