देवघरांतील चित्रांचा धनी

कळंब - मुंबईच्या चाळींपासून कळंबसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावापर्यंत, जुन्या घरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींमागे बहुधा एकाच चित्रकाराचा हात असतो. तो हात राजा रविवर्मा यांचा. मात्र तसबिरीवर त्यांची सही दिसली, म्हणजे ते मूळ चित्र झाले असे नव्हे. ती सहीही छापलेलीच असते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांवर त्यांनी मिळवलेले प्रभुत्व, १८७३ मधील व्हिएन्ना प्रदर्शनातील गौरव आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी रंगवलेली १४ पौराणिक चित्रे यांमुळे राजदरबारांत त्यांचे नाव झाले. परंतु दरबारातील चित्र सामान्य माणसाला कसे दिसणार? चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना त्यांना दिवाण टी. माधवराव यांनी केली होती. पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रे तेव्हा घरोघरी जातच होती.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगावात रविवर्मा छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आली, कारागीरही तिकडचे. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तेथे प्रथम छापले गेले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घडवावा लागे. एकाच कागदावर रंगामागून रंग चढे आणि एखादा दगड केसभर सरकला, तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर उतरे. शेवटी वॉर्निश देऊन तैलचित्राचा भास आणला जाई.

छापखाना पुढे घाटकोपरला आणि तेथून लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. प्लेगचे दिवस होते. या स्थलांतराचा आज संग्राहकांना मोठा उपयोग होतो. चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ठिकाण पाहिले, की काळाचा अंदाज येतो. अर्थात, तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे, कारण लोकप्रिय चित्रे पुनःपुन्हा छापली गेली आणि इतरांनी त्यांच्या नकलाही काढल्या. म्हणून भिंग लावून पाहावे. दगडावरील छपाईत हाताने दिलेले ठिपके लहानमोठे व विस्कळीत दिसतात, तर नंतरच्या यांत्रिक छपाईत ते जाळीसारखे ओळीत येतात. तसबिरीची चौकट कडा झाकते, त्यामुळे तळातील अक्षरे अनेकदा दिसतच नाहीत. काहींनी तर चौकटीच्या मापासाठी ती कापूनही टाकली. चित्रावरचे जरीकाम, टिकल्या मात्र घरातील स्त्रियांनी नंतर जडवलेल्या असतात. छपाईचा काळ त्यांवरून ठरत नाही.

लाखोंच्या देवघरांत पोहोचलेल्या या चित्रांनी त्यांच्या कर्त्याला श्रीमंत केले नाही, ही दुर्दैवाची गोष्ट. धाकटे बंधू सी. राजराजवर्मा कारभारात साथ देत होते, तरी कर्ज वाढतच गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. त्यांनी चित्रांबरोबर जाहिराती व लेबलेही छापली आणि धंदा सावरला. १९०५ मध्ये धाकट्या भावाचे निधन झाले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्मा यांनीही जगाचा निरोप घेतला.

मळवलीचा छापखाना पुढेही चालू राहिला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो खाक झाला आणि अनेक जुन्या प्रतीही जळाल्या.