पायांची कदर करणारा कारागीर



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे दरवर्षी येतात. कोणी संतांवर लिहिते, कोणी देशभक्तांवर. ह्या वर्षी मी एका जोडे शिवणाऱ्या माणसाविषयी लिहिणार आहे. त्यांचे नाव साल्वातोरे फेरागामो. ते इटलीचे. १९५७ साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून माझ्या पुतणीने ते वाचून मला मराठीतून सांगितले. आज जगातील बड्या शहरांत ह्या नावाची झगझगीत दुकाने आहेत. तेथील एका जोड्याच्या किमतीत आपल्यासारख्या घरचे कितीतरी दिवसांचे वाणसामान येईल. पण मला नवल त्या किमतीचे वाटले नाही. हा माणूस पायांकडे ज्या नजरेने पाहत होता, तिचे वाटले.

इटलीच्या दक्षिणेस, नेपल्स शहराच्या पूर्वेकडे डोंगरात बोनितो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ५ जून १८९८ रोजी साल्वातोरे जन्मले. चौदा भावंडांतले ते अकरावे. घरची गरिबी. मुलाला लहानपणापासून एकच नाद, समोरच्या जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचे. आईवडिलांना ते मुळीच आवडत नसे. त्या गावात सगळ्या धंद्यांत हा धंदा हलका समजला जाई.

मुलगा नऊ वर्षांचा असताना बहिणींचा चर्चमधला धर्मविधी आला. त्याला पांढरे जोडे हवेत आणि घरात पैसा नाही. सगळ्या गावादेखत मुलींना लाजेने मान खाली घालावी लागणार, ह्या काळजीत आई होती. तेव्हा ह्या पोराने समोरच्या दुकानातून सामान मागून आणले आणि रात्रभर जागून जोडे तयार केले. सकाळी मुली पांढरे जोडे घालून चर्चला गेल्या. त्यानंतर घरातला विरोध मावळला. पुढे मुलगा नेपल्सला राहून काम शिकला आणि गावी येऊन आपल्याच घरात त्याने लहानसे दुकान घातले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, सोळा-सतराव्या वर्षी, साल्वातोरे आपल्या भावांच्या मागोमाग अमेरिकेस गेले. बोस्टन शहरी त्यांचा एक भाऊ जोड्यांच्या कारखान्यात होता. तेथील यंत्रे पाहून ते थक्क झाले. परंतु यंत्रातून निघालेला जोडा काही त्यांच्या मनास येईना. मग कॅलिफोर्नियात जाऊन त्यांनी भावांबरोबर दुरुस्तीचे व मापाप्रमाणे जोडे करण्याचे दुकान काढले. जवळच चित्रपट तयार होत असत. त्यांतील घोडेस्वारांचे बूट ते करू लागले. १९२३ साली ते हॉलिवूडला गेले. त्याच वर्षीच्या ‘टेन कमांडमेंट्स’ ह्या चित्रपटासाठी त्यांनी सपाता केल्या. मेरी पिकफर्डसारख्या नामांकित नट्या त्यांच्याकडून जोडे करून घेऊ लागल्या.

एवढे नाव झाले तरी त्यांच्या मनाला एक टोचणी होती. जोडे दिसायला सुरेख, पण घालणारीचे पाय दुखतात ते का? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी तेथील विद्यापीठात शरीररचनेचा अभ्यास केला. त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली. गवंडी ओळंबा सोडतो तशी आपल्या शरीराच्या भाराची रेघ सरळ खाली येते, आणि उभे असताना तो भार तळपायाच्या कमानीवर पडतो. तोवरचे जोडे टाचेला आणि चवड्याला आधार देत; मधली कमान अधांतरी राही. त्यांनी कमानीखाली पोलादाची पातळ पट्टी बसवली. त्यामुळे पायाला आधार मिळाला आणि बोटे मोकळी झाली.

हे ऐकले आणि मी माझ्या पायांकडे पाहिले. आपण दिवसभर ओट्याशी उभ्या असतो. संध्याकाळी टाचा ठणकतात. घरात घालायला म्हणून कोणाची तरी जुनी, झिजलेली चप्पल आपण पायांत सरकवतो. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतो, गौरीच्या दिवशी उंबऱ्यापासून पावले काढतो; पण स्वतःच्या पावलांची विचारपूस करायची असते, हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही.

१९२७ साली साल्वातोरे मायदेशी परतले आणि फ्लॉरेन्स शहरी त्यांनी हाताने जोडे करण्याचा कारखाना काढला. पुष्कळसा माल अमेरिकेस जाई. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. मागणी बसली, देणी चढली आणि १९३३ साली त्यांचे दिवाळे वाजले. दुसरा एखादा खचला असता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि आपल्याच देशात गिऱ्हाईक मिळवले.

तोच दुसरे संकट आले. १९३५ साली मुसोलिनीच्या सरकारने इथिओपियावर स्वारी केली, म्हणून राष्ट्रसंघाने इटलीच्या व्यापारावर निर्बंध घातले. कमानीखालच्या पट्टीसाठी चांगले पोलाद मिळेना. साल्वातोरे यांनी सार्डिनिया बेटावरचे बूच आणले, त्याचे तुकडे चिकटवले, आणि टाच व चवडा यांच्यामधली पोकळी पाचरीसारखी भरून काढली. आज आपल्या मुली ‘वेज’ म्हणून जी चप्पल घालतात, तिचा हा जन्म. कातड्याची टंचाई झाली तेव्हा गवत, माशाची कातडी, मिठाईवरचा चकचकीत कागद, काही म्हणून त्यांनी टाकाऊ मानले नाही. घरात नसलेल्या जिनसांवाचून स्वयंपाक निभावून नेणाऱ्या आपल्या भगिनींना ह्याचे मोल सांगायला नको.

१९३८ साली फ्लॉरेन्समधील आर्नो नदीकाठचा, सहाशे वर्षांहून जुना वाडा त्यांनी विकत घेतला. तेथेच त्यांचा कारखाना आणि दुकान. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचे लाकडी कलबूत ते जपून ठेवत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची कन्या, कुचबिहारची महाराणी इंदिरादेवी, ही त्यांची गिऱ्हाईक होती. तिने एकदा शंभर जोड सांगितले आणि काही जोडांवर मढवण्यासाठी आपल्या जवाहिरातले हिरेमोती धाडले, असे सांगतात. १९४७ साली नायलॉनच्या बारीक दोऱ्यांच्या सपातेबद्दल त्यांना अमेरिकेत मानाचे पारितोषिक मिळाले. पुढे त्यांच्याकडे सुमारे सातशे कारागीर हाताने काम करत होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहिले, ती सांगते. १९४० साली त्यांनी आपल्याच बोनितो गावच्या डॉक्टरांची मुलगी वांदा हिच्याशी लग्न केले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यांना सहा मुले झाली. ७ ऑगस्ट १९६० रोजी साल्वातोरे वारले. वांदाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. धाकटे मूल अवघे तीनेक वर्षांचे. घराबाहेर काम म्हणून त्यांनी कधी केलेले नव्हते. धंदा विकून टाकून त्या मुलांना घेऊन सुखाने बसू शकल्या असत्या. त्यांनी तो विकला नाही. त्या कारखान्यात जाऊन बसल्या. थोरली मुलगी फियामा विशीच्या आतली. तिने जोड्यांचे काम सांभाळले. एकेक मूल हाताशी येत गेले तसे पिशव्या, कपडे, पुरुषांच्या वस्तू असा पसारा वाढला आणि देशोदेशी दुकाने झाली. १९९५ साली त्याच वाड्यात साल्वातोरे यांच्या जोड्यांचे संग्रहालय उघडले. वांदाबाई २०१८ साली, शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

भगिनींनो, बोनितोच्या लोकांनी जोडे शिवणाऱ्याला हलका म्हटले. आपल्या गावांनी तर त्याला वेशीबाहेर ठेवले, आणि त्याच कुळात जन्मलेल्या रोहिदासांचे अभंग मात्र आपण देवळात म्हटले. पुढच्या वेळी कोपऱ्यावर बसलेल्या कारागिराकडे चप्पल टाकाल, तेव्हा घासाघीस करण्याआधी त्याच्या हातांकडे क्षणभर पाहा. आणि घरात असलेल्या बाईला काय कळते, असे कोणी म्हणाले तर त्याला वांदाबाईंची गोष्ट सांगा.