अग्नीला दिलेला देह

रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ पहिल्या दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. वधस्तंभ, रिकामी कबर, पुनरुत्थान हे सारे लिहायचे राहिले. ज्यावाचून ख्रिस्ती श्रद्धा फोल ठरते असे संत पौलाने बजावले, नेमके तेच!

कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या.

ख्रिस्ती माणसाला पुरायचे, ही रीत. शेवटच्या दिवशी देह उठेल, ही त्यामागची आशा. टिळकांनी मात्र आपले दहन व्हावे, अशी इच्छा लिहून ठेवली. त्यांच्या अस्थी अहमदनगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावल्या. तेव्हा किती भुवया उंचावल्या असतील! पण मातीतून उठवणाऱ्याला राख का जड जावी? अर्थात हा तर्क आमचा, टिळकांचा नव्हे.

अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे गिरवलेल्या या बाईने तब्बल 64 अध्याय रचले. शेवटचा तेवढा मुलगा देवदत्त याने लिहिला.