शाफ्ट वाकला? वाकू दे!
सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात कधी गेलायत? नाक धरून का होईना, पाण्यात हवा घुसळणारा तो लांबलचक रोटर बघा. एवढा शाफ्ट थोडा वाकणारच. तरी बेअरिंग टिकतं, ते स्वेन विंगक्विस्टमुळे.

१८७६ साली स्वीडनमध्ये जन्मलेला हा इंजिनीअर गोथेनबर्गच्या कापड गिरणीत मेंटेनन्स बघायचा. खाली चिकणमाती. जमीन हलली की शाफ्टची लाइन बिघडायची, बेअरिंग जायचं, गिरणीचं काम ठप्प! नवं परदेशातून येईस्तोवर बोंबला. पठ्ठ्याने जमिनीशी भांडणंच सोडलं. १९०७ मध्ये बॉलच्या दोन ओळी घेतल्या आणि बाहेरच्या कड्याला आतून पोकळ चेंडूसारखा गोलावा दिला. शाफ्ट कलला की आतलं कडं बॉलसकट कलतं, अडकत नाही. आता रोटरवर बॉलऐवजी रोलर असतात, युक्ती तीच. त्याच वर्षी एसकेएफ सुरू झाली. हो, आपल्या चिंचवडला कारखाना असलेलीच!