छत्रीच्या खाली पाहणारी

पाऊस सुरू झाला की आपल्या वऱ्हाडात धुऱ्यावर, उकिरड्याजवळ, वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात. कोणी त्यांना टेकोडे म्हणतं, कोणी भूछत्र, कोणी कुत्र्याची छत्री. मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या बाया धिंगरी अळंबीची माहिती घ्यायला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात गेल्या होत्या. अमरावतीला परत येताना एका मावशींनी पिशवीतून धुऱ्यावरची एक छत्री काढली. ही खायची की नाही? एक म्हणाली, आमच्याकडे खातात. दुसरी म्हणाली, नको बाई, विषारी आहे. का, ते मात्र कोणालाच सांगता येईना. पांढरी आहे, गोल आहे, यापुढे आमच्याजवळ शब्दच नव्हते. मी बी.ए. झालेली, पण माझीही गत तीच. शेवटी ती छत्री फेकून द्यायला लावली.

घरी आल्यावर बिआट्रिक्स पॉटर आठवली. पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट लिहिणारी म्हणून ती आपल्या मुलांनाही माहीत असते. पण सशाच्या आधी ती या छत्र्यांच्या मागे होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनचा. घर श्रीमंत. भाऊ शाळेत गेला, हिला मात्र घरीच शिकवायला बाई येत. मैत्रिणी नाहीत, बाहेर जाणं नाही. चित्रं काढायची आणि ससे, बेडूक, उंदीर पाळायचे, एवढाच विरंगुळा. उन्हाळ्यात घरची मंडळी स्कॉटलंडला जात. तिथल्या रानातल्या भूछत्रांनी तिला वेड लावलं. ती त्यांची इतकी सुंदर चित्रं काढी की रंग ओला वाटावा. पण चित्र सुंदर असलं तरी छत्री कोणती, ते त्यावरून ओळखता येईलच असं नव्हतं.

इथे तिला गुरू भेटला. कोणी प्रोफेसर नव्हे, खेड्यापाड्यांत पायी टपाल वाटलेला पोस्टमन, चार्ल्स मॅकिंटॉश. लाकडाच्या गिरणीत एका हाताची बोटं गमावलेला, अतिशय लाजाळू. पण भूछत्रांचा विषय निघाला की तो खुलायचा. १८९२ साली दोघांची ओळख झाली. तो पोस्टाने तिला नमुने पाठवी, ती चित्रं काढून त्याला पाठवी. त्याने तिला समजावलं की वरून दिसतं तेवढं काढून भागत नाही. छत्री उभी कापा, आतलं दाखवा. खालच्या पात्या दांड्याला कशा जोडल्यात ते पाहा. दांडा पोकळ आहे की भरीव, तेही दाखवा. या प्रत्येक गोष्टीला शास्त्रात ठरलेला शब्द आहे, तो शिकून घ्या.

आणि ती शिकली. तिशीकडे झुकलेली बाई, पुस्तकं उघडून एकेक शब्द गिरवत बसली. आपल्या भाषेत सांगायचं तर असं : वरची ती टोपी. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात ते कल्ले. ते दांड्यापासून सुटे आहेत, चिकटलेले आहेत की दांड्यावर खाली उतरलेत? दांड्यावर बांगडीसारखं वलय आहे का? बुडाशी माती उकरली तर पिशवीसारखी वाटी लागते का? टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली तर बीजाणूंची रांगोळी पडते, ती पांढरी की गुलाबी, तपकिरी की काळी? एकेक शब्द हाती आला की आधी न दिसलेली गोष्ट दिसायला लागते. आपण साडीचा काठ, पदर, पोत वेगवेगळा ओळखतो, ते शब्द आहेत म्हणूनच ना!

पुढे तिने बीजाणू काचेवर रुजवून पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. तिला मात्र तिथे बसायचीही मुभा नव्हती, कारण ती बाई होती. क्यू बागेतल्या एका पुरुष अभ्यासकाने तो मांडला. निबंध पुढे छापलाच गेला नाही, आज तो सापडतही नाही. त्या संस्थेत बायका सभासद व्हायला १९०५ साल उजाडलं.

ती रडत बसली नाही. १९०२ मध्ये पीटर सशाचं पुस्तक बाजारात आलं आणि घराघरांत पोचलं. पुस्तकांच्या कमाईतून तिने डोंगराळ भागात शेती घेतली, मेंढ्या पाळल्या, सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं. २२ डिसेंबर १९४३ ला ती गेली, तेव्हा चार हजार एकरांवर जमीन जपणुकीसाठी मागे ठेवून गेली. आणि ती चित्रं? १९६७ मध्ये भूछत्रांवरच्या एका पुस्तकात तिची ५९ चित्रं छापली गेली. पोस्टमनने सांगितलेला तपशील त्यांत होता म्हणूनच तर ती कामी आली!

आता आमच्या गटात एक वही आहे. कोणालाही छत्री दिसली की टोपी, कल्ले, दांडा, वलय, बूड आणि उगवल्याची जागा लिहायची, चित्र काढायचं. आमच्या मेळघाटातल्या आदिवासी बायांना यातलं कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्याजवळ बसून तेही लिहून घ्यायचं आहे.

पण एक पक्कं ठरवलंय. वही बघून कोणी रानातली छत्री शिजवायची नाही. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा खोटी आहे. सगळ्यात घातक विष शिजवून जात नाही आणि त्याचा त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिराही सुरू होतो. घरात कोणाला रानातली छत्री खाऊन उलट्या-जुलाब झाले तर वाट पाहू नका. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

त्या मावशी परवा पुन्हा एक छत्री घेऊन आल्या. खायची का, हे त्यांनी विचारलंच नाही. बुडाशी वाटी आहे बघा ताई, एवढं म्हणाल्या आणि वही मागितली.