काठी, चोर आणि मेकॉले

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत मध्यरात्री चोर शिरला. ग्रिल उचकटल्याचा आवाज झाला, दिवे लागले आणि तो जिन्यातच सापडला. त्याला खांबाला बांधले, तरी मार थांबला नाही. माझ्याही हातात काठी होती. ती मी एकदा चालवली. त्या काठीला कायद्याचा आधार होता का, हे शोधताना मी जाऊन पोहोचलो तो थेट लॉर्ड मेकॉलेपाशी.

मेकॉले म्हटला की आपल्याला आठवते ते १८३५ चे शिक्षणविषयक टिपण. पण आपल्या घराच्या उंबरठ्यावर आजही उभा आहे तो दुसराच मेकॉले.

जन्म १८०० चा. वडील झॅकरी गुलामगिरीविरुद्ध झगडणारे. त्या नादात त्यांचा व्यापार बुडाला. केंब्रिजला शिकलेल्या या मुलाने १८२५ मध्ये मिल्टनवरील निबंधाने नाव कमावले, १८३० मध्ये पार्लमेंट गाठले. पण कुटुंबाचा भार त्याच्यावरच होता. गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कायदा सदस्याचे पद आले, ते वर्षाला दहा हजार पौंडांचे. १८३४ मध्ये बहीण हॅनासह तो मद्रासला उतरला. वर्षअखेरीस हॅनाचे लग्न झाले आणि पाठोपाठ धाकट्या मार्गारेटच्या मृत्यूची बातमी आली. अविवाहित मेकॉलेचे घर म्हणजे या दोन बहिणीच. ते विस्कटल्यावर त्याने स्वतःला ग्रंथांत आणि कामात बुडवून घेतले.

काम होते फौजदारी कायद्याचे. कुठे इंग्रजी कायदा, कुठे फेरफार केलेला मुसलमानी कायदा, तर आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ चे एल्फिन्स्टनचे नियम. आयोगातील सहकारी आजारी पडत गेले आणि बराचसा भार एकट्या मेकॉलेवर आला. १८३७ मध्ये मसुदा तयार झाला.

त्यात स्वसंरक्षणाचा हक्क सढळ हाताने दिलेला होता. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. मात्र पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर तो नाही आणि गरजेपेक्षा अधिक इजा कधीच नाही. साध्या चोरीत जिवाची वा गंभीर दुखापतीची भीती नसेल, तर चोराचा प्राण घेता येत नाही.

एवढी ढील का दिली, याचे कारण मसुद्याच्या टिपणात आहे. इथली माणसे दरोडेखोरांचा जाच मुकाट सोसतात, तेव्हा त्यांना धीर देणे अधिक गरजेचे, असे आयोगाला वाटले. धीट आणि मर्यादा ओलांडणाऱ्या लोकांसाठी कायदा करायचा असता, तर बंधने वाढवावी लागली असती, हेही तिथे मान्य केलेले आहे. दुसऱ्याच्या देशात घुसलेल्या सत्तेच्या नोकराने आपल्याला घर राखायला शिकवावे, यातला विरोधाभास मेकॉलेला जाणवल्याचे दिसत नाही.

१८३८ मध्ये तो परतला, इंग्लंडचा इतिहास लिहून कीर्तिमान झाला, १८५७ मध्ये लॉर्ड झाला. २८ डिसेंबर १८५९ रोजी तो वारला. मसुदा तोवर पडूनच होता. बार्न्स पीकॉक यांनी त्यावर हात फिरवला, १८६० मध्ये तो मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. कर्त्याला आपला कायदा पाहायला मिळाला नाही.

१ जुलै २०२४ पासून त्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ९६ ते १०६ ही कलमे आता ३४ ते ४४ झाली; गाभा तोच राहिला.

आणि माझी काठी? चोर ग्रिल उचकटत होता तोवर कायदा माझ्या बाजूने होता. त्याचे हात बांधले गेले त्या क्षणी तो त्याच्या बाजूला गेला. मेकॉलेला चिंता होती ती आपल्या मुकाट्याने सोसण्याची. त्या रात्री त्या जिन्यात मुकाट्याने सोसणारा एकच होता आणि तो खांबाला बांधलेला होता.